नमाजघराची पायरी

रस्त्याने चालताना कासमुरी माणसांच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. गटाराकडे बघायचे.

गटार कुठलंही असो, त्यात झाडाचं एक पान टाकायचे आणि थांबायचे. पान कुठल्या बाजूला निघालं ते कळल्याशिवाय पाऊल पुढे पडायचं नाही. मग लग्नाला उशीर होवो की मयताला.

कुणी चहा दिला की शेवटचा घोट ग्लासात ठेवायचे. ग्लास टेबलावर टेकवून चहाची कड निरखायचे आणि सांगायचे, "तुमची लादी खिडकीकडे बसतेय हो." यजमानाने विचारलेलं नसायचं.

काळ्या टोपीच्या कडेला, कानावर, पेन्सिलीचा तुकडा. डाव्या खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं. शुक्रवारी नमाजाला जाताना ते वेटोळं बाहेरच्या नळाला टांगायचे आणि बाहेर आल्यावर आधी ते खांद्यावर घ्यायचे, मग चपला शोधायचे.

पाण्याचं नाव आदराने घ्यायचे. "माणूस खोटं बोलतो, पाणी नाही बोलत."

"मग पाण्याशीच करायचा होता संसार," त्यांची बायको रोकाया म्हणायची. "माझ्या बापाचा खर्च तरी वाचला असता."

कासमुरी गवंडी होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आणि शेवटची अकरा वर्षं बंदेंगसारीच्या सात नंबरच्या गल्लीचं प्रमुखपद. त्या पदाला पगार नाही. कुणाला दाखला हवा, कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाच्या मयताला खुर्च्या आणायच्या, हे सगळं गल्लीप्रमुखाकडे. पूर्वी लोक त्यांना आदराने, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, "पाक कासमुरी" म्हणायचे आणि सायकलवरून उतरायचे.

खाजणाच्या कडेची ही वस्ती. जमीन दर वर्षी बसते. भिंती तडकतात, दारं अडकतात, उधाणाचं पाणी उंबऱ्यावर येतं. सात-आठ वर्षं पैसे साठवायचे आणि घरात भर घालून लादी वर घ्यायची, ही इथली रीत. छत तिथेच राहतं. कासमुरींच्या स्वतःच्या घरात तीनदा भर पडली होती. खिडकीची चौकट आता नडगीला लागायची. पाहुणा आला की दारात वाकूनच यायचा. "आमच्या गल्लीत सगळे नम्र," असा विनोद होता. जुना होता, पण लग्नात अजून चालायचा.

गल्लीतल्या बहुतेक लाद्या कासमुरींनीच वर घेतलेल्या. पाणसळ त्यांचीच. त्या नळीत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं दोन भिंतींना धरायची, दोन्हीकडे पाणी एका उंचीला येऊन थांबलं की पेन्सिलीने रेघ मारायची. कासमुरी आले की गल्लीतलं कुणीही उठून दुसरं टोक धरायचं. बायका पातेलं बाजूला ठेवून धरायच्या.

प्रत्येक घरात भर घालताना ते एकच गोष्ट म्हणायचे. "हे औषध नाही, ही पट्टी आहे. औषध म्हणजे नाला."

नाला म्हणजे गल्लीच्या माथ्याच्या नमाजघरापासून नदीपर्यंत, तीनशे चाळीस मीटर. काँक्रीटचा, वर झाकणं, त्यावर धड चालता येईल असा रस्ता. गल्लीत साठलेलं पाणी नदीत जाईल, एवढंच. या एवढ्यासाठी त्यांची अकरा वर्षं गेली.

दर जानेवारीत वॉर्डाच्या कचेरीत नियोजनाची बैठक भरते. त्या बैठकीला इथे मुस्रेनबांग म्हणतात. प्रत्येक गल्लीने आपली मागणी मांडायची, सगळ्यांनी मिळून क्रम लावायचा, वरचे क्रमांक शहराच्या यादीत जातात. वॉर्डाचा अधिकारी, म्हणजे लुराह, पुठ्ठ्याच्या डब्यातून चिकट भाताची वळकटी आणि शेंगदाणे वाटतो. खाणं संपेपर्यंत लोक थांबतात. मग मतं पडतात.

पहिल्या वर्षी नाला कमानीपुढे हरला. स्वातंत्र्यदिनाची कमान हवी होती, चार नंबरच्या गल्लीला. दुसऱ्या वर्षी फरशांपुढे. तिसऱ्या वर्षी मंडपाच्या खुर्च्यांपुढे. कमान दिसते, फरशी दिसते, खुर्चीवर बसता येतं. नाला जमिनीखाली.

"पाक, तुम्ही नाला मागता तिथेच चुकता," लुराह एकदा म्हणाला होता. तोंडात शेंगदाणे होते. "नाल्याचा फोटो कसा निघणार? साहेबांनी फीत कुठे कापायची, गटारात उतरून?"

लोक हसले. कासमुरीही हसले. घरी येऊन त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काढली.

त्यांचं गणित साधं होतं. नुसतं "पाणी तुंबतं" म्हटलं की कुणी ऐकत नाही. आकडे दाखवायचे. कुठे किती खाली, कुठे किती वर. दर वर्षी पाऊस उघडून कामं सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस मोकळे मिळायचे, तेवढ्यात नाल्याच्या वाटेचा एक तुकडा मोजायचे. अवघड काम आधी म्हणून नदीच्या टोकापासून सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्याच्या वरचा तुकडा. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. पाचव्या वर्षी नमाजघरापाशी पोचले.

मोजायला एक पक्की जागा लागते, न हलणारी, जिच्यापासून सगळं मोजायचं. त्यांनी नमाजघराची सगळ्यात वरची पायरी धरली; दर वर्षी तिथूनच नळीने पातळी त्या वर्षीच्या तुकड्यापर्यंत आणायचे.

दुसरं काही धरण्यासारखं नव्हतंच. गल्लीत प्रत्येक भिंतीला तडा. नमाजघराला एकही नाही. खाली नारळाची खोडं ठोकून बांधलेलं, चौतीस वर्षांत केसाएवढी भेग नाही. लोक म्हणायचे, अल्लाचं घर आहे, बसेल कसं? कासमुरी तेवढं बोलायचे नाहीत. पण ती पायरी त्यांनी स्वतः घातलेली, पंचविसाव्या वर्षी, पहिलं स्वतंत्र काम. ती बसेल असं त्यांच्याही मनात आलं नाही.

पूर्वी पायऱ्या पाच होत्या. आता दोन दिसायच्या. दर ईदच्या आधी अंगणात पाणी साठायचं म्हणून भर टाकायची, ती कासमुरीच टाकायचे. अंगण वर आलं, असं सगळे म्हणायचे. पायऱ्या खाली गेल्या असं कुणी म्हणालं नाही.

मोजणी पुरी झाल्यावरच्या जानेवारीत नाला चौथा आला. त्या वर्षी पाणी लुराहच्या मेहुण्याच्या दुकानात शिरलं होतं, हेही खरं. शहराच्या रस्ते-नाले खात्याने एक तरुण अभियंता पाठवला. प्रास्त्यो त्याचं नाव; गल्ली त्याला 'मास', म्हणजे दादा, म्हणायची. बूट काढून गल्लीत चालला, म्हणून लोकांना आवडला.

बंदेंगसारीच्या वाट्याला एका कामासाठी वीस कोटी रुपियांची मर्यादा होती. प्रास्त्योने बेरीज मांडली ती एकवीस कोटी वीस लाखांची झाली. कचेरीच्या पंख्याखाली सगळे त्या आकड्याकडे बघत बसले.

"दोन रस्ते आहेत," प्रास्त्यो म्हणाला. "नाला चाळीस मीटर तोडायचा. नाहीतर..." तो थांबला. "मोजणी आणि आराखड्याचे एक कोटी चाळीस लाख आहेत. ते काढले तर बसतं."

"मग काढा की," लुराह म्हणाला.

"मोजणीशिवाय नाला कसा काढणार, साहेब?"

कासमुरींनी वही टेबलावर ठेवली. पाच वर्षांची वही. पानापानाला तारीख, घर नंबर, आकडा. प्रास्त्योने पानं उलटली. हळूहळू उलटायला लागला.

"हे तुम्ही एकट्याने केलं, पाक?"

"दुसरं टोक गल्लीने धरलं."

"आमच्या खात्यात इतकं नीट कुणी लिहीत नाही." मग त्याने विचारलं, "स्थिर बिंदू कुठला?"

"नमाजघराची पायरी."

"ती बसत नाही?"

मागून बू सुलास्त्री, म्हणजे सुलास्त्रीबाई, बोलली. गल्लीच्या मध्यावर तिची खाणावळ, तीस नंबरचं घर, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज. "अहो मास, आमची घरं बसतील, आमचे नवरे बसतील. ती पायरी नाही बसायची. पाक कासमुरींच्या हातची आहे."

टाळ्या वाजल्या. प्रास्त्यो हसला. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, समोर साठीचा गवंडी, चाळीस माणसं टाळ्या वाजवतायत. त्याने मोजणीची ओळ खोडली. नाला वीस कोटींच्या आत आला.

कागदावर एक रकाना होता, "पातळ्या देणाऱ्याची सही". कासमुरींनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं, वहीत करायचे तशी. त्या दिवशी घरी येताना त्यांनी एकाही गटारात पान टाकलं नाही. रोकायाच्या हे लक्षात राहिलं.

काम पुढच्या जूनमध्ये सुरू झालं. ठेकेदार बाहेरचा. माथ्यापासून खोदत नदीकडे आला. नदीपाशी पोचल्यावर मजुरांनी काम थांबवलं.

"पाक, तोंड फार खाली येतंय," मुकादम म्हणाला. "नदीच्या पाण्याखाली चाललंय."

कासमुरींनी वाकून बघितलं. नदीच्या काँक्रीटच्या कठड्यावर शेवाळाची हिरवी रेघ होती. रोजची भरती तिथवर येते. नाल्याचं तोंड त्या रेघेच्या बरंच खाली होतं.

ठेकेदार नकाशा घेऊन आला. "इथे लिहिलंय ना एवढं खोल? मग एवढंच. नकाशाबाहेर एक इंच गेलो तर बिल निघत नाही माझं."

"नकाशा बरोबर आहे," कासमुरी म्हणाले. "भरती उतरली की वाहील."

 मुकादमाने बिडी पेटवली. कासमुरी त्या हिरव्या रेघेकडे बघत राहिले. आपल्याच आकड्यावर शंका घ्यायची तर पाच वर्षांवर घ्यावी लागली असती. ते घरी आले, भात आणि वाळवलेली मासळी खाल्ली, झोपले.

उद्घाटनाला शहरातून साहेब आले. फीत नाल्याच्या वर, नव्या रस्त्यावर कापली. फोटो निघाला. हळदीच्या पिवळ्या भाताचा शंकू कापून त्याचं टोक साहेबांनी कासमुरींच्या ताटलीत ठेवलं. हा मान असतो. रस्ता गुळगुळीत होता, पोरं सायकली पळवत होती. नदीच्या टोकाला झाकण उघडून ठेवलं होतं, सगळ्यांना बघता यावं म्हणून.

"पाक, पान टाका की," कुणीतरी म्हणालं. लोक हसले, कौतुकाने.

कासमुरींनी बदामाचं एक पान उचललं. पाण्यात टाकलं. पान जरा फिरलं, थांबलं. मग निघालं. नदीकडे नाही. नदीकडे पाठ करून, कासमुरींच्या पायाखालून, गल्लीच्या आत.

"उलटं चाललंय का हो?" साहेबांनी विचारलं.

"वारा आहे," लुराह म्हणाला.

वारा नव्हता.

त्या रविवारी त्यांनी रोकायाला बरोबर घेतलं. एरवी ती सकाळपासून दुपारपर्यंत शेडवर मासळीचे काटे काढायला जायची. रविवारी मोकळी. दोघांनी नळी धरली. या वेळी त्यांनी नदीचा कठडा धरला. तो खोल पायावर बांधलेला, सरकारी, खडकापर्यंत गेलेला. तिथून घराघराने वर येत एका दिवसात नमाजघरापर्यंत पोचले. संध्याकाळची अजान व्हायच्या आधी कासमुरी पायरीवर बसले आणि बेरीज केली. मग पुन्हा केली.

पहिल्या वर्षी त्यांनी मोजलं तेव्हा नदीचा काठ पायरीच्या साठ सेंटिमीटर खाली होता. आज वीस होता.

"नदी वर आली?" रोकायाने विचारलं.

"नदी जागेवर आहे."

"मग?"

त्यांनी पायरीवर हात टेकला. पायरीला तडा नव्हता. नमाजघर तडकलं नाही कारण ते वाकडं बसलं नाही. सरळ बसलं, चारही कोपऱ्यांनी एकदम, वर्षाला चार बोटं, आतल्या नमाजींना घेऊन. गल्ली बसत होती आणि मोजायची खूण गल्लीबरोबर बसत होती. नदीचा आकडा पहिल्या वर्षीचा होता, माथ्याचा पाचव्या. मधल्या चाळीस सेंटिमीटरचा हिशोब वहीत कुठेच नव्हता. नाला त्या वहीवर उभा होता: बसलेल्या पायरीपासून जुन्या आकड्याने खाली मोजलेला, म्हणून तोंड नदीखाली.

"कुणाला सांगू नका," रोकाया म्हणाली.

"पाण्याला माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच शुक्रवारी, नमाजानंतर, त्याच पायरीवर उभे राहून. चूक माझी आहे, असं म्हणाले. लोकांनी ऐकून घेतलं. पायरीकडे बघितलं. काहींनी चपला घातल्या.

गल्लीत पूर्वी पाऊस पडला तर पाणी यायचं. आता रोज यायचं. कोरड्या उन्हात, भर दुपारी, आभाळ निळं असताना भरतीच्या वेळेला नाल्याची झाकणं आतून गुटगुट करायची आणि काळं पाणी वर यायचं. नव्या रस्त्याने ते कसं नीट, गुळगुळीत पसरायचं. रस्ता घरांपेक्षा वीतभर उंच झालेला, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच राहायचं.

लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. लोक टोमणे मारायचे.

"पाक कासमुरी, नाला सुरेख झालाय हो," सुलास्त्री खाणावळीतून म्हणायची, फळ्यांवर पाय ठेवून तळणी हलवत. "नदीला आमच्याकडे यायचं होतं, बिचारीला वाट नव्हती. तुम्ही काढून दिलीत."

"बू, मी दुरुस्त करतो."

"करा की. मोजा पुन्हा. पायरी आहेच."

बाकड्यावरची गिऱ्हाइकं भजी चावत खाली बघायची.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर बसलं होतं, वासेही बसले. ज्यांची लादी कासमुरींनी बिनपैशांनी वर घेतली होती, ते आता सायकलवरून उतरत नव्हते. लुराहने सरळ सांगितलं, "पाक, सही तुमची आहे. खात्याने विचारलं तर मी काय सांगू?" खात्याने विचारलं नाही. खात्याच्या यादीत ते काम 'पूर्ण' या रकान्यात होतं. कासमुरींनी पद सोडतो म्हटलं. कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून तेही राहिलं.

डिसेंबरमध्ये प्रास्त्यो आला. एकटा, रजा टाकून. बूट काढायची गरज नव्हती, नाहीतरी भिजलेच.

"पाक, मी तेव्हा विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतंस तू, मास. मीच उत्तर दिलं."

प्रास्त्योने खिशातून घडी केलेला कागद काढला. नाल्याच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारं झाकण आणि एक पंप, एवढ्यात काम भागलं असतं. पण गल्लीची पाळी होऊन गेली होती. पुढची पाळी पाच वर्षांनी.

"एक वाट आहे. झालेल्या कामाने नुकसान होत असेल तर तातडीच्या दुरुस्तीच्या यादीत घालता येतं. बैठकीत मतं लागत नाहीत. पण पुरावा लागतो. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस घरांच्या उंबऱ्याची पातळी, नदीच्या कठड्यावरून मोजलेली, आणि प्रत्येक घराची सही. एक घर राहिलं तरी फाइल परत येते. तीस तारखेला यादी बंद होते."

"आज?"

"अठरा."

"मोजणीला माणूस देशील?"

प्रास्त्योने मान खाली घातली. "पैसे नाहीत, पाक. ओळच नाही."

"माहीत आहे," कासमुरी म्हणाले. "ती मीच खोडायला लावली."

एकोणीस तारखेला सकाळी ते निघाले. पाणसळीला दोन माणसं लागतात. रोकाया शेडवर. दोन दिवस त्यांनी लोकांना विचारलं. एकाला पाठदुखी होती. एकाला बाजारात जायचं होतं. एक म्हणाला, "पाक, मागच्या वेळी धरली होती ना मी." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, नळीचं एक टोक आधीच्या खुणेच्या खिळ्याला बांधलं, दुसरं टोक घेऊन पुढच्या घरी गेले. पाणी थांबलं का ते बघायला परत मागे आले. परत पुढे गेले. दोन माणसांचं काम एका माणसाने केलं की दुप्पट वेळ लागत नाही, चौपट लागतो.

भरतीच्या वेळीच मोजायचं, म्हणजे किती पाणी येतं तेही लिहिता येईल, असा त्यांचा हट्ट. म्हणून घोट्याभर काळ्या पाण्यात उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी फुटलेल्या लादीने टाच कापली. त्यांनी त्याच ट्यूबची आणखी एक पट्टी टाचेला बांधली.

"बूट घाला," रोकाया म्हणाली. "त्या पाण्यात उंदीर मरून पडलेत."

"बुटात पाणी साठतं. पायाला तळ कळत नाही."

"तुमच्या पायाला काय कळायचं ते चौतीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं."

 ते हसले. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच हसताना तिने त्यांना बघितलं. मग तिने पाण्यात मीठ घालून टाच धुतली.

काही घरांनी सही मुकाट्याने केली. काहींनी दारात उभं ठेवलं. बाविसाव्या घरातल्या म्हातारीने सही केली आणि विचारलं, "या वेळी बरोबर आहे ना रे, कासमुरी?"  त्यांनी तिच्या उंबऱ्यावर रेघ मारून पुन्हा एकदा मोजलं.

सव्वीस तारखेला एकोणतिसावं घर झालं. सकाळपासून अंग तापलं होतं. मांड्या दुखत होत्या, डोळे लाल. त्यांना वाटलं, उन्हाने.

तिसावं घर सुलास्त्रीचं. दुपारच्या जेवणाची गर्दी होती. फळ्यांवर बाकडी, बाकड्यांवर माणसं, खाली पाणी.

"बू, उंबरा मोजायचाय. आणि सही."

"तुमच्या कागदावर?" ती वळली नाही. तेलात केळी सोडत होती. "एकदा टाळ्या वाजवल्या होत्या, पाक. तेवढ्याने पोट भरलं माझं."

"पंप बसेल. झाकण बसेल. पाणी थांबेल."

"मागेही हेच म्हणाला होतात."

"हो."

त्या 'हो'ने ती थांबली असावी. वळली. त्यांचे लाल डोळे, टाचेची रबरी पट्टी, खांद्यावरची नळी. काहीतरी बोलणार होती. एका गिऱ्हाइकाने ताट मागितलं.

"उद्या या," ती म्हणाली. "सकाळी. आत्ता हात तेलाचे आहेत. उद्या मी धरते टोक."

कासमुरींनी मान हलवली. खाणावळीच्या भिंतीजवळच्या खिळ्याला नळीचं वेटोळं टांगलं. उद्या इथूनच सुरू करायचं, म्हणजे घरी नेऊन परत आणायला नको. आयुष्यात पहिल्यांदा ते खांद्यावर नळी न घेता घरी गेले.

दुसऱ्या सकाळी त्यांना उठवेना. आरोग्यकेंद्रात ताप म्हणाले, गोळ्या दिल्या. अठ्ठावीस तारखेला डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला. रोकायाने शेजारच्यांच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. उंदराच्या मुताचा ताप, तिथले डॉक्टर म्हणाले, पाण्यातून, जखमेतून. मूत्रपिंडं थांबत होती.

गुंगीतून ते मधेच जागे व्हायचे आणि तारीख विचारायचे. रोकाया खरी तारीख सांगायची. खोटी सांगून चाललं असतं, पण या माणसाला खोटं सांगायचं तिच्या जिभेला वळण नव्हतं. एकोणतीस, ती म्हणाली. त्यांनी बोटं मोजली. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची.

"सतरा राहिली," ते म्हणाले.

तीस तारखेला, दुपारी भरतीच्या वेळेला, गेले.

गल्लीतले सगळे आले. दफनभूमीकडे नेताना खाट खांद्यावर घेतलेली माणसं नव्या रस्त्यावरून चालली, घोट्यापर्यंत पाण्यातून, झाकणांवरून. कुणीतरी म्हणालं, रस्ता चांगला आहे, पाय अडखळत नाही. ते खरंच होतं.

सात दिवस नमाजघरात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. सातव्या दिवशी नमाजघरात आत जायला दोन नाही, दीड पायरी उरली होती. लोक ती आता बघायला लागले होते.

प्रास्त्यो आला होता. कागद त्याने रोकायाकडे मागितला. शेहेचाळीस ओळी, कासमुरींनी पट्टीने आखलेल्या. पहिल्या एकोणतीस ओळींत नाव, आकडा, सही. पुढच्या सतरा ओळींत घर नंबर आणि नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, प्रत्येक अक्षर सुटं. यादी बंद होऊन आठवडा झाला होता. प्रास्त्योने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, परत दिला.

एकोणतीस उंबऱ्यांवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. नळी खाणावळीच्या खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यातलं पाणी हिरवं झालंय. सुलास्त्रीने ती काढलेली नाही, आणि काढायला कुणी आलंही नाही. तिच्या उंबऱ्यावर रेघ नाही. कागदावर तिसावी ओळ अशी आहे: तीस, सुलास्त्री, खाणावळ. पुढचे दोन रकाने कोरे.